जूनमध्ये कुमाऊँ नको रे, तुळशीच्या लग्नानंतर जा

पत्र: काका, आमची देवगडजवळ हापूसची कलमं आहेत. मार्च ते मे श्वास घ्यायला वेळ नसतो हे तुम्हाला माहीतच आहे. यंदा शेवटची पेटी वाशीला गेली की ५-६ जूनला आई, बाबा, बायको आणि मी असे चौघं आमची २०१३ ची बोलेरो घेऊन थेट हिमालयात जायचं म्हणतोय. १२ दिवस आहेत. देवगड, दिल्ली, शिमला, मनाली, मसुरी, ऋषिकेश, नैनिताल आणि परत, असा रूट काढलाय. बाबांचं एकच म्हणणं, "एकदा बर्फ बघूचो आसा". आईचं म्हणणं, "माका गाडी लागता, मी काय येवचंय नाय", शिवाय तिचे गुडघे दुखतात. आणि बाबा मासे नसले की दोन दिवसात चिडचिडे होतात. मला आंबोली, फोंडा, करूळ सगळे घाट पाठ आहेत त्यामुळे ड्रायव्हिंगचं टेन्शन नाही. रूट बरोबर आहे का आणि आईला कसं तयार करू?
एक देवगडकर

अरे देवगडकरा, आधी एक सांग, हा रूट तू मोबाईलवर बोट फिरवून काढलास ना? कारण कागदावर वाटेतल्या मुक्कामांची नावं लिहून पुढे तास मांडले असतेस तर तुझं तुलाच हसू आलं असतं. देवगड ते नैनिताल सरळ गेलास तरी दोन हजार किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे जाऊन येऊन चार हजार, आणि त्यात तुला शिमला-मनालीचा वळसा मारायचाय. १२ दिवसांपैकी सात-आठ दिवस तुझी आई राजस्थान-हरियाणातल्या हायवेवर ४२-४४ डिग्रीत खिडकीला डोकं टेकून बसणार, उरलेल्या चार दिवसात तू तिला पाच हिल स्टेशनं दाखवणार, आणि मग घरी आल्यावर ती म्हणणार मी सांगितलेलंच, येवचंय नाय म्हणून. तिचं बरोबरच असेल.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं. शिमला, मनाली, मसुरी, ऋषिकेश चौघांनाही खोडून टाक. एकच कुमाऊँ घे, म्हणजे उत्तराखंडचा पूर्वेकडचा भाग, पायथ्याचं रेल्वे स्टेशन काठगोदाम, तिथून वर चढायचं आणि गोल फिरून परत काठगोदामलाच उतरायचं. आणि जूनमध्ये नाही, नोव्हेंबरात.

जूनचं आधी बोलू कारण तिथेच सगळं अडतंय. तुझं गणित मला कळतं, आंबा संपला की हात मोकळे, पाऊस लागेपर्यंत दहा-पंधरा दिवस मिळतात, त्यात उरकून टाकू. पण तुझे जे मोकळे दिवस तेच अख्ख्या उत्तर भारताचे शाळेच्या सुट्टीचे दिवस, दिल्लीकर सगळे तेव्हा डोंगरात चढतात आणि नैनितालच्या खाली गाड्यांच्या रांगा लागतात. शिवाय १५ जूनला कैंची धामचा स्थापना दिवस असतो, भवालीवरून अल्मोड्याला जाणाऱ्या मेन रस्त्यावरच तो आश्रम आहे, त्या दिवसांत तिथे गाडी घेऊन अडकणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा हायवेला माणगावात अडकण्यासारखं. आणि एवढं करून डोंगर दिसतीलच असंही नाही, मे-जूनमध्ये खालच्या मैदानातली धूळ आणि जंगलातल्या वणव्यांचा धूर हवेत तरंगत असतो, हिमशिखरं बघायला जातात त्या कौसानीला उभं राहून समोर नुसतं पांढुरकं आभाळ बघून परतलेले कितीतरी लोक आहेत. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तर तिथेही पाऊस पोचतो. २०१३ साली केदारनाथला जे झालं ते १६-१७ जूनचं, विसरू नकोस.

आता तू म्हणशील काका आम्हाला पाऊस नवीन आहे का. नाही, पाऊस नवीन नाही, डोंगर नवीन आहे. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, वरची लाल माती नि जांभा सुटून खाली येतो, परशुराम घाटात आपण ते बघतोच, पण आतला कातळ घट्ट आहे. हिमालय अजून वर ढकलला जातोय, भारताचा तुकडा आशियाखाली घुसतोच आहे त्यामुळे तिथले खडक ठिकठिकाणी चुरडलेले, भेगाळलेले, रस्ता रुंद करायला पायथा कापला की वरचं सगळं सैल. नैनितालमध्येच १८८० साली दरड कोसळून १५१ माणसं गेली होती, तिथलं फ्लॅट्स म्हणून जे मोठं मैदान आहे ना ते त्याच मलब्याने वाढलेलं आहे. आणि ऑक्टोबरसुद्धा मी मुद्दाम सुचवत नाही. १८-१९ ऑक्टोबर २०२१ ला कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला एका दिवसात ३४० मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे जुलैत असा एखादा दिवस येतो, वहाळ भरतो, लाईट जाते, दुसऱ्या दिवशी आपण कामाला. तिथे तेवढ्या पावसाने कुमाऊँचे रस्ते जागोजागी तुटले आणि माणसं गेली.

म्हणून तुझ्या बागेचंच कॅलेंडर उघड. गणपतीत तू कुठे जाणार नाहीस, तुझे बाबा सोडणार नाहीत. मग भातकापणी, मग दिवाळी. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की मोहोराच्या फवारण्या सुरू व्हायच्या आत तुला दोन-अडीच आठवडे मिळतात, जत्रा आणि दशावतार तेवढे दोन-चार चुकतील, चुकू देत. तेव्हा तिथे आकाश धुतल्यासारखं असतं, गर्दी ओसरलेली असते, हॉटेलवाले भाव कमी करायला तयार असतात, आणि आपली कोकण रेल्वेही पावसाळी वेळापत्रकातून बाहेर आलेली असते. थंडी असते हां. कौसानीला रात्री पाच-सात डिग्रीपर्यंत उतरतं, आणि आपण देवगडात १८ डिग्रीला शेकोटी पेटवणारी माणसं.

बाबांच्या बर्फाचं मात्र त्यांना आताच खरं सांग. नोव्हेंबरात मी सांगतोय त्या उंचीवर हातात घ्यायला बर्फ नसतो. हातात हवा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी, आणि तेव्हा रस्त्यावर बर्फ पडला की दोन दोन दिवस बंद, पाय घसरतात, आईचे गुडघे, नकोच. पण नोव्हेंबरात समोर जे दिसतं ते दिसलं की हातात घ्यायचं राहून जातं असं मला तरी वाटतं. कौसानीवरून त्रिशूळ समोर उभा असतो, ७१२० मीटर, त्याच्या उजवीकडे नंदादेवी ७८१६ मीटर, आणि पूर्वेकडे लांबवर पंचचूली. सकाळी उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत हे सगळं स्वच्छ, नंतर ढग यायला लागतात. गांधीजी १९२९ मध्ये इथे येऊन राहिले होते आणि गीतेवरच्या अनासक्तियोगाचं काम त्यांनी इथे केलं, ते राहिले ती जागा आता अनासक्ती आश्रम म्हणून आहे, पहाटे तिथल्या अंगणात बाबांना शाल देऊन बसव आणि तू फोन खिशात ठेव.

गाडीचं. बोलेरो नेऊ नकोस. मला माहितीये तुला हेच ऐकायचं नव्हतं. एक तर ती २०१३ ची डिझेल आहे आणि दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरून कोर्ट आणि सरकारचे नियम सारखे बदलत असतात, कशाला त्या भानगडीत पडतोस. दुसरं, तुझे घाट. आंबोली, फोंडा, करूळ तुला पाठ आहेत हे खरंच कामाचं आहे, धुक्यात कसं चालवायचं, वळणावर हॉर्न, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे मैदानातल्या पोरांना शिकवावं लागतं, तुला नाही. पण आपला घाट अर्ध्या-पाऊण तासात संपतो रे. करूळ चढलास की गगनबावड्याला चहा प्यायला आणि पुढे कोल्हापूरपर्यंत सरळ. तिथे सकाळी घाट सुरू होतो तो मुक्कामाला पोचेपर्यंत घाटच, मग दुसऱ्या दिवशी परत तोच, खांदे आणि मान धरतात, आणि ज्याने चालवलं त्याला डोंगर दिसतच नाहीत, त्याला पुढच्या टेम्पोची पाटी दिसते. आईवडिलांना घेऊन पहिल्यांदा जातोयस तर स्थानिक ड्रायव्हरसकट गाडी घे. बोलेरो पुढच्या वेळी मित्रांबरोबर ने, तेव्हा दिवस जास्त काढ.

काठगोदाम-हल्द्वानीला टॅक्सी भरपूर मिळतात, चौघांना एर्टिगा पुरते, सामान फार असेल तर इनोव्हा. ठरवताना रोजचा दर सगळं धरून विचार, डिझेल, पार्किंग, टोल, ड्रायव्हरचा रात्रीचा खर्च, नाहीतर शेवटच्या दिवशी वाद होतात. गाडीला पिवळी नंबर प्लेट बघ. कोणी "माझी पर्सनल आहे, स्वस्तात देतो" म्हणाला तर नको, काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करेल. आणि तुला अगदीच स्टिअरिंग धरल्याशिवाय चैन पडत नसेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली सेल्फ ड्राइव्ह गाडी कायदेशीर मिळते, पण मी तरी या खेपेला घेऊ नको म्हणेन.

पोचायचं असं. रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेस हजरत निजामुद्दीनला जाते, जवळपास दीड दिवस लागतो, आई झोपून येईल, गाडी लागायचा प्रश्नच नाही. दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्स्प्रेस पहाटे काठगोदामला सोडते, ती जुन्या दिल्ली स्टेशनवरून निघते, निजामुद्दीनवरून नाही, हे लक्षात ठेव आणि मधे चांगले सहा-सात तास हातात ठेव कारण लांबून येणारी गाडी लेट होते. बाबांना दीड दिवस नको असेल तर गोव्यातल्या मोपाहून दिल्ली विमान आहे. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तुझं ऐन गणपतीच्या धामधुमीत येणार, आरतीच्या नादात तारीख चुकवू नकोस.

आता रूट. पहिल्या दिवशी काठगोदामला पहाटे उतरलात की थेट वर पळायचं नाही, तासाभरावर भीमताल आहे तिथे थांबा, अंघोळी, जेवण, झोप, संध्याकाळी तळ्याकाठी चालणं. नैनिताल बघायचंच असेल तर इथून सकाळी जाऊन दुपारी परत या, राहू नका, तळं सुंदर आहे पण मॉल रोडच्या गर्दीत आईला काय मजा. मग दुसऱ्या दिवशी मुक्तेश्वर. २२८६ मीटर. इथे एक गंमत सांगून ठेवतो, तिथे जनावरांच्या रोगांवर काम करणारी जी जुनी सरकारी प्रयोगशाळा आहे ती १८८९ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झालेली, १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलवली, कारण जंतूंवर काम करायचं तर वस्तीपासून लांब आणि थंड जागा हवी होती. बाबा गुरंढोरं बाळगणारे असतील तर त्यांना रस वाटेल. दोन रात्री तिथे काढा, काही बघायचं नाही, नुसतं बसायचं.

मुक्तेश्वरहून अल्मोड्याकडे जाताना ड्रायव्हरला विचार क्वारबचा रस्ता कसा आहे. तिथे गेली काही वर्षं डोंगर सारखा खाली येतोय. तो बंद असेल तर शहरफाटक-लमगड़ा वरून दुसरी वाट आहे, लांब पडते पण गर्दी नाही आणि जंगल छान आहे. अल्मोडा साधारण १६४० मीटरवर आहे, म्हणजे आपलं कळसूबाई १६४६, महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकाएवढ्या उंचीवर तिथे अख्खं शहर वसलंय, बाजार आहे, कोर्ट आहे, शाळा आहेत. त्या बाजारात बालमिठाई घे, खव्याची तपकिरी वडी आणि वर साखरेचे पांढरे दाणे. अल्मोड्याहून ३५ किलोमीटरवर जागेश्वर, देवदारांच्या दाट झाडीत शंभरावर लहानमोठी दगडी देवळं, एका ओहोळाच्या काठाला. तुझी आई कुणकेश्वरची भाविक असणारच, तिला जागेश्वर दाखव, पायऱ्या फार नाहीत, सपाटीवर आहे, आणि गाडी जवळपर्यंत जाते. बिनसरचं जंगल आणि तिथला झिरो पॉइंट सुंदर आहे पण दीड-दोन किलोमीटर चालायचं असतं, तुम्ही नवराबायको जाऊन या, आईबाबा रेस्ट हाऊसच्या गच्चीवर बसतील.

मग कौसानी, अल्मोड्याहून पन्नासेक किलोमीटर, दोन किंवा तीन रात्री. तीन असल्या तर उत्तम, कारण एखादी सकाळ ढगात जाऊ शकते. तिथून खाली बैजनाथ, गोमतीच्या काठचं जुनं देऊळ. परतीला रानीखेतवरून काठगोदाम. झालं. सगळे मिळून कुमाऊँत आठ-नऊ दिवस, आणि तुझ्या १२ दिवसांत ट्रेनचा प्रवास धरून बसत नसेल तर दोन दिवस वाढव, बाग पळून जात नाही.

मुन्सियारीचे फोटो बघून तुझी बायको तिकडे जाऊया म्हणेल, पंचचूली अगदी दारात असल्यासारखी दिसते तिथून हे खरं आहे. पण कौसानीहून १७० किलोमीटरला सात तास तरी लागतात, शेवटी कालामुनीची खिंड, वळणावर वळणं. आई बरोबर असताना नको. मोकळं सांगायचं तर हिमालयाच्या ट्रिपा बिघडतात त्या एका जास्तीच्या ठिकाणामुळे. डोंगरात तासाला २५ किलोमीटर धर, त्यात चहा आणि फोटो, म्हणजे दिवसाला ८०-९० च्या वर ठेवायचंच नाही. आणि दुपारी चारला मुक्कामी. आपण पश्चिमेचे, आपल्याला सहाला सूर्य बुडायची सवय, तिथे नोव्हेंबरात सव्वापाचला सूर्य गेलेला असतो आणि सहाला मिट्ट काळोख.

आईच्या गाडी लागण्यावर: पुढच्या सीटवर तिलाच बसव, तुला कितीही व्हिडिओ काढायचा असला तरी. नजर लांब रस्त्यावर, मोबाईल बघायचा नाही, मान वळवून मागच्यांशी गप्पा नाहीत. सकाळी पोट रिकामंही नको नि पुरीभाजीने भरलेलंही नको, कोरडी भाकरी किंवा पोळी नि थोडा चहा बास. अव्होमिनसारखी गोळी निघायच्या एक-दोन तास आधी घेतात, पण त्याने झोप येते आणि आईला बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरना विचार. देवगडहून एखाद्या रविवारी तिला गगनबावड्यापर्यंत पुढच्या सीटवर बसवून नेऊन आण, गोळी चालते का, किती वेळाने थांबायला लागतं हे घरच्या रस्त्यावरच कळू दे. आणि ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांग, "धीरे चलाना, माताजी को चक्कर आता है", ते लोक ऐकतात. तिला तयार करण्यासाठी बाकी काही युक्ती लागणार नाही, फक्त तिला सांग की रोज तीन-चार तासांच्या वर गाडीत बसायचं नाही आणि दुपारी जेवून आडवं व्हायला मिळेल. तिचा नकार हिमालयाला नाहीच, तुझ्या १२ दिवसांच्या रूटला आहे.

कपड्यांवर खर्च करू नका फार. एक जाड जॅकेट, आत थर, कानटोपी, लोकरी मोजे. हॉटेलमध्ये हीटरचे पैसे बऱ्याच ठिकाणी वेगळे घेतात, बुकिंगच्या वेळीच विचार, आणि खोली खालच्या मजल्यावर माग, डोंगरातल्या हॉटेलांना जिने फार आणि आईचे गुडघे तिथेच जातील.

एक तुला सुचलं नसेल ते सांगतो. तुमच्या बागेत राखणीला नेपाळी असतीलच, आपल्याकडे देवगड-रत्नागिरीला बहुतेक बागांत असतात. त्यातले काही जण मोसम संपल्यावर बनबसाच्या नाक्यावरून नेपाळात जातात, म्हणजे तुझ्या या रूटच्या बाजूनेच. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचार रस्ते कसे आहेत, पाऊस कधी थांबतो, कुठल्या स्टँडवर फसवतात. दरवर्षी ये-जा करणारा माणूस तुझ्या अंगणात आहे आणि तू मला पत्र लिहितोस.

बाबांच्या माशांचं. भात मिळेल त्यांना, काळजी नको, कुमाऊँनी माणूसही भातखाऊ आहे, भट्ट म्हणजे काळ्या सोयाबीनच्या दाण्यांची चुडकानी आणि भात, आलू के गुटके, भांगेच्या बियांची चटणी (बाबांना सांग नशा येत नाही, त्यांना वाईट वाटेल), मोहरी लावलेलं काकडीचं रायतं. मासा मात्र मुख्य जेवण नाही तिथे. बैजनाथला नदीत मोठमोठे महाशीर पोहताना दिसतील, अगदी काठाशी, पण ते देवाचे, लोक त्यांना खायला घालतात, पकडायला बंदी. बाबांना तिथे जास्त वेळ उभं करू नकोस. सुके बांगडे बॅगेत भरायचा विचार त्यांच्या डोक्यात येणारच, तर सांगून ठेव की बंद खोलीत हीटर लावला की तो वास पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत पुरतो. सुक्या जवळ्याची चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात चालेल, आणि आमसुलं, आईला घाटात चघळायलाही होतील.